बाल्यातील आघात आणि किशोरांचे अपराध

काही वर्षांपूर्वी सुरत शहराच्या उधना भागात सेवेस असताना एके सायंकाळी एक माता आमच्याकडे आली. तिचा सोळा वर्षांचा मुलगा दोन सोबत्यांसह एका वाटसरूला चाकू दाखवून त्याचा मोबाइल हिसकावताना पकडला गेला होता व निरीक्षणगृहात होता. "पाळकसाहेब, पोराच्या वागणुकीबद्दल दोन ओळींचं पत्र द्या," एवढीच तिची विनंती होती. आम्ही ते पत्र दिले नाही. मुलगा दोन वर्षांपासून उपासनेस येत नव्हता, शब्बाथशाळेत त्याने एकदा मारामारी केली होती, आणि अशा मुलाविषयी चांगले लिहिणे म्हणजे असत्य लिहिणे होय, असे आमच्या मनाने घेतले.

पुढील आठवड्यात परिविक्षा अधिकारी चौकशीसाठी आले. त्यांना आमचे मत नको होते, माहिती हवी होती. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना घरात काय घडले? त्याला कोण मारीत असे? रात्री तो कोठे झोपत असे? शाळा कोणत्या वर्षी सुटली व कशामुळे? ज्या मंडळीत त्याचा बाप्तिस्मा झाला तिच्या पाळकाला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आमच्या नोंदवहीत त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख होती व हजेरीपुस्तकात त्याची गैरहजेरी होती. पण या दोहोंमधील मुलगा कोठेच नव्हता. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.)

त्या भेटीनंतर या विषयाचे जे वाचन व चिंतन घडले ते आमचे बंधुभगिनी पाळक, प्रचारक व धर्मशिक्षक यांच्यापुढे मांडावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. आघात म्हणजे काय?

अपराधी मुलाच्या भूतकाळाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न नवा नाही. १९४४ साली जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने लंडन येथील एका बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ४४ चोरट्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ मुले त्याला भावनाशून्य वाटली. आणि या १४ पैकी १२ मुलांची अगदी लहान वयात आईशी दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. एवढ्या थोड्या मुलांवरून सर्वसामान्य सिद्धान्त काढता येत नाही, हा त्यावरील आक्षेप योग्यच आहे. तथापि चोरीचा शोध चोरीपासून न घेता पाळण्यापासून घ्यावा, ही दिशा त्या अभ्यासाने दाखविली.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे अमेरिकेतील सॅन डिएगो येथे व्हिन्सेंट फेलिट्टी व रॉबर्ट अँडा यांनी केलेली पाहणी. तिचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. दोन टप्प्यांत मिळून सतरा हजारांवर प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारण्यात आले. मारहाण, अपमान व धाकदपटशा, लैंगिक अत्याचार, शारीरिक हेळसांड, प्रेमाचा अभाव, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन, घरातील मनोरुग्णता, आईवडिलांची फारकत आणि घरातील कोणी तुरुंगात जाणे, अशा दहा आपत्ती आज या संदर्भात मोजल्या जातात. ज्यांची पाहणी झाली ती माणसे बहुधा मध्यमवर्गीय व सुशिक्षित होती; तरीही सुमारे दोन तृतीयांश लोकांनी यांपैकी किमान एक आपत्ती भोगली होती. ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक आपत्ती आल्या त्यांच्यात मद्यासक्ती व आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पटींनी अधिक आढळले. हे दुःख केवळ झोपडीतले नाही, बंगल्यातलेही आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

हीच मोजपट्टी फ्लॉरिडा राज्यातील सुमारे ६४ हजार अपराधी किशोरांना लावून पाहण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकही आपत्ती न भोगलेली मुले शंभरात तीनहून कमी होती, आणि चार किंवा अधिक आपत्ती भोगलेली निम्मी होती. आपल्या देशात केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी करून २००७ साली अहवाल दिला. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसल्याचे व निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे आढळले. आमच्या शब्बाथशाळेतील बाकांवर बसणारी मुले या आकड्यांच्या बाहेरची आहेत, असे मानण्यास काहीही आधार नाही.

२. आघात मुलाच्या ठायी काय करतो?

भीती ही देवाने दिलेली एक रक्षक शक्ती आहे. साप दिसताच हृदय धडधडते, स्नायू ताठ होतात, विचार थांबतो व पाय धावू लागतात. संकट टळले की शरीर पुन्हा शांत होते. परंतु ज्या घरात रोज रात्री दार वाजताच मुलाला श्वास रोखावा लागतो, तेथे ही शक्ती विसावा घेतच नाही. मूल सदैव पहाऱ्यावर राहते. असे अनेक वर्षे चालले म्हणजे मेंदूची घडणच त्या पहाऱ्याला अनुरूप होते. धोका ओळखणारा भाग अति जागरूक होतो. आणि थांबून विचार करणारा, आवेग आवरणारा जो भाग, जो मुळातच विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, तो दुर्बळ राहतो.

याचे परिणाम आम्ही नित्य पाहतो, पण त्यांना निराळी नावे देतो. मार खाल्लेल्या मुलाला समोरच्याच्या साध्या चेहऱ्यातही वैर दिसते. कोणाचा धक्का चुकून लागला तरी तो मुद्दाम मारला असे त्याला वाटते व तो आधीच हात उगारतो. आम्ही म्हणतो, हा भांडखोर आहे. धड्याकडे त्याचे लक्ष राहत नाही, कारण त्याचे कान दाराकडे लागलेले असतात. आम्ही म्हणतो, हा मठ्ठ आहे. त्याला रागावले असता तो निर्विकारपणे पाहत राहतो, कारण मार चुकविता येत नसेल तेव्हा मनाने तेथून निघून जाणे हीच एक सुटका त्याला लहानपणी सापडलेली असते. आम्ही म्हणतो, याला पश्चात्ताप म्हणून नाही. तंबाखू, दारू, हुंगण्याची रसायने यांत त्याला घटकाभर तो पहारा सोडता येतो. आम्ही म्हणतो, हा वाया गेला. आणि टोळीतील थोरला सोबती त्याच्या पाठीवर हात ठेवतो तेव्हा, घरात जे मिळाले नाही ते तेथे मिळते.

३. सुरतेचे चित्र

हा प्रश्न आम्हांस सुरतेत विशेष जाणवला. २००१ साली सुमारे २४ लाख लोकवस्ती असलेले हे शहर, हद्दवाढ धरून, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांच्या घरात गेले. या वाढीत खानदेशचा वाटा मोठा आहे. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतील हजारो कुटुंबे येथे आली व उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. येथे महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत, वस्त्यांत अहिराणी ऐकू येते, आणि गावच्या जत्रेला जाणाऱ्यांनी गाड्या भरतात. या श्रमिकांच्या कष्टांवर शहराचा कापडधंदा उभा आहे, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे.

परंतु त्या कष्टांची किंमत मुलेही देतात. यंत्रमागाची पाळी बारा तासांची. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा एकुलत्या एका खोलीत झोपतो, तेव्हा मुलांनी आवाज करायचा नाही. म्हणजे मुलांनी रस्त्यावर असायचे. आई घरबसल्या साड्यांना लेस व टिकल्या लावीत नगावर पैसे मिळविते. गावाकडचे आजी-आजोबा, चुलते, शेजारी यांचे जे जाळे मुलाला सांभाळीत असे ते येथे नाही. शाळेचे माध्यम बदलावे लागले की काही मुले गळतात व चहाच्या टपरीवर किंवा कारखान्यात दिसू लागतात. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी चोरटी दारू घरांत पोहोचतेच. शिवाय शहरावर कोसळलेली संकटे आहेत: १९९२ च्या डिसेंबरातील दंगल, १९९४ ची प्लेगची साथ व तिच्या भयाने लाखोंनी केलेले पलायन, २००६ च्या ऑगस्टमधील तापीचा महापूर, २००८ च्या अखेरीस हिरे व्यवसायातील मंदी, २०२० च्या मार्चमधील टाळेबंदी. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांनी नुकसानीचे आकडे दिले; त्या रात्री आईवडिलांच्या चेहऱ्यावरील भय पाहणाऱ्या मुलांची गणना कोणी केली नाही.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. अपराधी मुले म्हणजे अनाथ, बेवारस मुले, अशी आपली समजूत असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वार्षिक अहवाल निराळे सांगतात. पकडल्या गेलेल्या मुलांपैकी बहुतांश मुले आईवडिलांजवळ राहणारी असतात. म्हणजे ही मुले कोणाच्या तरी घरातली, कोणाच्या तरी मंडळीतली, कोणाच्या तरी शेजारची आहेत.

४. दोन टोकांच्या चुका

या ज्ञानाचा उपयोग करताना दोन चुका संभवतात. पहिली चूक अशी की, ज्याचे बालपण पोळले तो अपराधी होणारच, असे मानणे. हे खरे नाही. कॅथी स्पाट्झ विडम या संशोधिकेने छळ वा हेळसांड झालेल्या नऊशेंवर मुलांचा पुढील आयुष्यात मागोवा घेतला व १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा मुलांपैकी २६ टक्के मुले अल्पवयात अपराधात सापडली. तशाच परिस्थितीतील, परंतु छळ न झालेल्या मुलांत हे प्रमाण १७ टक्के होते. वाढ निश्चित आहे. पण शंभरातील चौऱ्याहत्तर मुले त्या मार्गाला गेली नाहीत, हेही तितकेच निश्चित आहे. आपत्तींची बेरीज करून एखाद्या मुलाचे भविष्य सांगू नये, असा इशारा स्वतः अँडा यांनी सहकाऱ्यांसह २०२० साली दिला आहे. तो पत्रिका मांडणाऱ्यांना जितका लागू आहे तितकाच आम्हालाही आहे.

दुसरी चूक म्हणजे, मनुष्य आपल्या कृत्यास सर्वस्वी स्वतःच जबाबदार आहे, तेव्हा भूतकाळ कशाला उकरावा, असे म्हणणे. आम्ही पत्र नाकारले ते याच चुकीपायी.

पवित्र शास्त्राने या दोन्ही चुका टाळल्या आहेत. वडिलांच्या अन्यायाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, असे निर्गमाच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे. आणि बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबले, ही लोकांच्या तोंडची म्हण यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात खोडून काढली आहे. या दोन वचनांत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. पहिले वचन इजा कशी वाहत येते ते दाखविते. दुसरे वचन, ती इजा म्हणजे दोष नव्हे व तीच विधिलिखितही नव्हे, असे सांगते. मुलाच्या अंगावर वडिलांचा व्रण असू शकतो, परंतु त्याला वडिलांच्या पापाचा आरोपी करता येत नाही. आणि तो व्रण असूनही वळण्याची वाट त्याला मोकळी राहते.

या संदर्भात शास्त्यांच्या पुस्तकातील इफ्ताहाची कथा (अध्याय ११) मननीय आहे. वेश्येचा पुत्र म्हणून त्याला सावत्र भावांनी घरातून हाकलून दिले. तो तोब देशात राहिला व रिकामटेकड्या माणसांची टोळी त्याच्याभोवती जमली. आजच्या भाषेत त्याला टोळीचा म्होरक्या म्हटले गेले असते. पुढे युद्धाचा प्रसंग येताच गिलादाचे वडीलजन त्याला बोलावू आले. तेव्हा इफ्ताहाने त्यांना जे विचारले त्याकडे आपले क्वचितच लक्ष जाते. हाकलले होते भावांनी. पण, तुम्हीच माझा द्वेष करून मला घराबाहेर काढले ना, असा जाब तो वडीलजनांना विचारतो. जे गप्प राहिले त्यांनाही तो हाकलणाऱ्यांत धरतो, आणि वडीलजनही ते नाकारीत नाहीत. मात्र कथा येथे संपत नाही. त्याच इफ्ताहाच्या अविचारी नवसापायी त्याची एकुलती एक मुलगी बळी पडते. ज्याला स्वतःला घर मिळाले नाही त्याच्या घरात पुन्हा एक मूल बळी जाते. त्याच्यावर झालेला अन्याय खरा आहे, व त्याने केलेला अनर्थही खरा आहे. शास्त्र यांपैकी एकही पुसून टाकीत नाही. आणि तरीही इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातील विश्वासवीरांच्या यादीत त्याचे नाव आहे.

यावरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. ज्या वाटसरूच्या गळ्याला चाकू लागला त्याचे भय मुलाच्या करुण कथेने कमी होत नाही. त्यालाही आता रात्री झोप येत नसेल. मुलावर दया करताना अपराधाच्या बळीला विसरणे हा दुसरा अन्याय होय. मुलाचा भूतकाळ समजून घ्यावयाचा तो त्याची सुटका करण्यासाठी नव्हे, तर तेच कृत्य त्याच्या हातून पुन्हा घडू नये यासाठी.

५. कायद्याची भूमिका

कायद्यानेही हाच विचार हळूहळू स्वीकारला आहे. सुरत व खानदेश हे दोन्ही भाग जेव्हा मुंबई इलाख्यात होते तेव्हा १९२४ साली मुंबईचा बालक अधिनियम झाला व १९४८ साली तो नव्याने करण्यात आला. पुढे सर्व देशासाठी १९८६, २००० व २०१५ असे बाल न्याय अधिनियम आले. आता 'बालगुन्हेगार' हा शब्द कायद्यातून गेला असून 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असे म्हटले जाते. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे आणावे लागते. या मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असते. मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. २०१५ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर अपराध केल्याचा आरोप असल्यास त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेची, परिणाम समजण्याच्या शक्तीची व अपराधाच्या परिस्थितीची प्राथमिक तपासणी करून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा की नाही हे ठरविण्याची तरतूद केली आहे.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग म्हणजे सामाजिक चौकशीचा अहवाल. परिविक्षा अधिकाऱ्याने तो दोन आठवड्यांत द्यावयाचा असतो. मुलाचे घर, शाळा, सोबती, आजार, त्याच्यावर झालेले अत्याचार यांची हकीकत त्यात येते. उधन्यात आमच्याकडे आलेले अधिकारी याच अहवालासाठी आले होते. आम्हांला जर ती माहिती असती, तर मंडळाला केवळ एक चाकू दिसला नसता, एक मुलगाही दिसला असता.

६. आम्ही काय करावे?

हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके अभ्यास केला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार व प्रेमळ प्रौढ झाली. त्यांना काय लाभले होते हे शोधता असे दिसले की, आईवडील नसले तरी आजी, शिक्षिका, शेजारी किंवा मंडळीतील कोणी, असा एखादा तरी स्थिरपणे पाठीशी उभा राहणारा मोठा माणूस त्यांच्या जीवनात होता. या कार्यास मोठी इमारत वा देणगी लागत नाही. म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, अनुपस्थितीची चौकशी करावी. मूल तीन आठवडे आले नाही तर रागे भरण्यासाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी घरी जावे, व बाप झोपलेला नसेल अशा वेळी जावे.

दुसरी, शब्बाथशाळेतून छडी व चारचौघांतील अपमान कायमचे जावेत. ज्याला घरी मार मिळतो त्याला देवाच्या घरीही मार मिळाला, तर देवाविषयी त्याला आपण काय शिकविले?

तिसरी, मुलाला त्याची कथा सांगण्याची सक्ती करू नये, आणि साक्ष म्हणून ती मंडळीपुढे तर कधीच सांगावयास लावू नये. बऱ्या न झालेल्या जखमेचे प्रदर्शन हे आरोग्य नव्हे. झोप न येणे, स्वतःला इजा करणे, मरणाची भाषा, अशी लक्षणे दिसल्यास प्रार्थनेबरोबरच वैद्यकीय साह्य मिळवून द्यावे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

चौथी, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते दडपून ठेवू नये. २०१२ च्या कायद्यान्वये अशी माहिती पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे. आरोपी मंडळीचा मान्यवर असला तरी यात बदल होत नाही. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक धर्मशिक्षकास पाठ असावा.

पाचवी, पत्र मागितले असता ते द्यावे, पण ते खरे असावे. 'मुलगा सद्वर्तनी आहे' असे लिहिणे आवश्यक नाही. मुलाला आम्ही केव्हापासून ओळखतो, त्याच्या घरी काय घडले, त्याच्यासाठी दर आठवड्याला कोण वेळ देण्यास तयार आहे, एवढे लिहिले तरी ते मंडळाच्या उपयोगी पडते.

सहावी, मुलगा परत येईल तेव्हा त्याला बसावयास जागा असावी. कायदा त्याचा डाग पुसावयास तयार असतो. वस्ती व मंडळी मात्र तो जपून ठेवतात.

शेवटी त्या मुलाविषयी. त्याच्या आईने पुढे आम्हांस सांगितले की, तो आठ वर्षांचा असताना बापाचे काम सुटले, मग दारू आली, मग मारहाण आली, आणि एका रात्री बाप घर सोडून गेला तो परतला नाही. धाकट्या बहिणीला कुशीत घेऊन मुलगा दाराला पाठ लावून झोपत असे. हे सर्व आमच्या प्रार्थनामंदिरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर घडले, व त्या वर्षांत आम्ही त्या गल्लीत दोनदा नाताळची गीते गात गेलो होतो. मंडळाच्या पुढील तारखेला आम्ही आईबरोबर गेलो व उशिराने का होईना, ते पत्र दिले. मुलगा आज एका कारखान्यात कामाला आहे. उपासनेस तो क्वचितच येतो; आला की दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो. त्याने पुढे येऊन बसावे असा आग्रह आम्ही धरीत नाही. ती जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवतो.